कोटेशन गेल्यावर बोलावलेली डिझायनर

पत्र: “मी पुण्यातल्या चाळीसेक जणांच्या एका एजन्सीत यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे वापरणाऱ्याला ॲप सोपं कसं जाईल ते बघते. आम्ही क्लायंटना वेबसाइट, ॲप बनवून देतो. प्रोजेक्ट माझ्याकडे येतो तोवर कोटेशन गेलेलं असतं, स्क्रीनची यादी ठरलेली असते, तारीखही दिलेली असते. मला सांगतात ते ‘जरा छान करून दे’ एवढंच. सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सभासदांसाठीचं ॲप चालू आहे. मी म्हटलं, आधी चार सभासदांशी बोलू या. सर म्हणाले, ‘त्याचं बजेट नाही. आणि सभासदांना काय हवं ते चेअरमनसाहेबांना माहीत आहे.’ चेअरमनसाहेबांना होम स्क्रीनवर स्वतःचा फोटो आणि संचालक मंडळाचं सरकतं बॅनर हवंय. एजन्सीत यूएक्सला खरंच जागा असते का? की मी सरळ स्वतःचंच ॲप बनवून चालवणारी प्रॉडक्ट कंपनी गाठू? आणि जाता जाता: माझं पदनाम ‘यूआय/यूएक्स डिझायनर’ आहे (यूआय म्हणजे स्क्रीनचं दिसणं), ते बदलून मागू का?”
– वायरफ्रेमवाली, पुणे

वायरफ्रेमवाली,

जागा असते. फक्त ती फिग्मात, म्हणजे तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरत नाही. कोटेशनच्या एक्सेल शीटमध्ये ठरते, आणि ती शीट भरली जाते तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुमच्या पत्रातली बाकीची दुखणी तिथूनच सुरू होतात. म्हणून मी आज डिझाइनबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी एक माहिती काढा. तुमची एजन्सी कमावते कशी? ठरलेल्या रकमेत अख्खं काम, की तासांप्रमाणे बिल? सरांना विचारायला संकोच वाटत असेल तर अकाउंट्समधल्या कोणाबरोबर चहाला जा, दहा मिनिटांत कळेल. तासांवर चालणाऱ्या एजन्सीत एकच स्क्रीन तीनदा बनवली तर तिन्ही वेळचे पैसे मिळतात. तिथे मालकाला ‘यूएक्समुळे रिवर्क वाचेल’ हे पटवायला जाणं म्हणजे मीटरवर चाललेल्या रिक्षावाल्याला जवळचा रस्ता दाखवणं. त्याचा स्वभाव वाईट नसतो, त्याचं गणित वेगळं असतं. अशा मालकाशी बोलायचं तर एकाच मुद्द्यावर बोलावं: हा क्लायंट पुढच्या वर्षी परत येणार का?

पतसंस्थेचं काम मात्र बहुधा ठोक रकमेचंच असणार. तीन कोटेशनं मागवायची, संचालक मंडळाच्या सभेत ठराव करायचा, आणि ठरावात आकडा चढला की चढला. वाढीव खर्च मंजूर करायचा तर परत सभा, परत ठराव, आणि विरोधी गटाचा एखादा संचालक ‘हे आधीच का नाही सांगितलं’ म्हणून उभा राहणारच. त्यामुळे असा क्लायंट चेंज रिक्वेस्टचे पैसे द्यायला नाखूश असतो. फेरफार सांगायला मात्र अजिबात नाखूश नसतो. ते सगळे फेरफार शेवटी तुमच्या सरांच्या खिशातून होतात, आणि ‘बजेट नाही’ म्हणताना हा खर्च त्यांच्या हिशोबात कुठेच लिहिलेला नसतो.

तो लिहून द्यायचं काम तुमचं. संपलेला, ठोक रकमेचा एक प्रोजेक्ट घ्या. जिरा (तक्रारी आणि कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि यूएटी, म्हणजे क्लायंटने स्वतः वापरून तपासायचा टप्पा, सुरू झाल्यानंतरची तिकिटं एकेक करून वाचा. त्यांचे दोन ढीग करा. पहिल्यात खरे बग: बटण दाबलं आणि काही झालं नाही, व्याज चुकीचं आलं. दुसऱ्यात ‘असं नको होतं’ जातीची: हे आधी दिसायला हवं होतं, हा रकाना नकोच, आमच्याकडे असा फॉर्म कोणी भरत नाही, शाखाधिकाऱ्यालाही हे दिसलं पाहिजे. दुसरा ढीग तुमचा. त्यावर गेलेले तास टाइमशीटमधून काढून एका पानावर मांडा. समजा दोन डेव्हलपर आणि एक टेस्टर तीन आठवडे त्यात अडकले, आणि माणशी कंपनीला पडणारा खर्च महिना एक लाख धरला, तर सव्वादोन लाख गेले. त्याच्या शेजारी लिहा: एक डिझायनर आठ दिवस, गाडीखर्च, लॉजवर दोन रात्री. हे पन्नास हजारांच्या आत बसतं. आकडे मात्र तुमच्या ऑफिसचे घाला, माझे उसने नेऊ नका. सर पहिलं बोट आकड्यावरच ठेवतील. आणि ते पान मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढू नका. एस्टिमेट करणाऱ्या माणसाला आधी एकट्याला दाखवा, कारण त्यावर त्याचेच अंदाज चुकलेले दिसणार आहेत. तो तुमच्या बाजूला आला तर अर्धं काम झालं.

हे छोट्या एजन्सीचंच रडगाणं आहे असंही नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विमा घेण्यासाठीचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. त्यामागे डझनांनी कंत्राटदार होते आणि ज्याने त्याने आपापला तुकडा बांधला होता. खातं न उघडता योजना नुसत्या पाहता येतील अशी सोय आधी ठरली होती. ती सुरू होण्याच्या तोंडावर बाजूला ठेवली. मग क्रम उरला तो असा: आधी खातं उघडा, ओळख पटवा, मग किमती बघा. नुसतं डोकावायला आलेली माणसंही त्यामुळे नोंदणीच्या दारातच अडकली आणि नेमका तोच भाग कोसळला. पहिल्या दिवशी विमा घेण्यापर्यंत पोचले ते सहा जण. तांत्रिक चुका ढिगाने होत्या, सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण नंतरच्या चौकशीत जे पुढे आलं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल: सगळे तुकडे एकत्र कसे चालतील याची जबाबदारी नेमकी कोणाची, तेच स्पष्ट नव्हतं.

एजन्सीत यूएक्सवाल्याचं काम मला तिथे दिसतं. अकाउंट मॅनेजर क्लायंटकडे बघतो, प्रोजेक्ट मॅनेजर तारखेकडे, डेव्हलपर आपल्या मॉड्यूलकडे. सभासद पहिल्या स्क्रीनवर आला आणि काम उरकून बाहेर पडला, हा सगळा रस्ता सलग बघायला कोणीच नेमलेलं नसतं. बटणाचा कोपरा किती गोल असावा हा त्या कामाचा फार लहान भाग आहे. दुर्दैवाने दिसतो तेवढाच.

आता शीटमध्ये शिरायचं कसं? बहुतेक जण तिथे ‘यूजर रिसर्च’ अशी वेगळी ओळ टाकतात. ती ओळ टिकत नाही. भाव करताना क्लायंटला खोडायला काहीतरी हवंच असतं, आणि जिच्यातून हातात काही पडणार नाही असं वाटतं ती ओळ आधी जाते. त्यापेक्षा कोटेशनच दोन करा. पहिलं लहान, दोन-तीन आठवड्यांचं: सभासदांशी आणि शाखेतल्या लोकांशी बोलणं, स्क्रीनची पक्की यादी, आणि मोबाइलवर दाबून बघता येईल असा प्रोटोटाइप. दुसरं मोठं, पहिलं संपल्यावर, त्याच यादीवर. पहिल्याचे पैसे वेगळे, आणि त्यातून निघालेलं सगळं क्लायंटच्या मालकीचं. ते घेऊन तो दुसऱ्या एजन्सीकडे गेला तरी हरकत नाही, असं लेखी द्यायचं. या शेवटच्या वाक्याला सर दचकतील. दचकू द्या. ज्या लोकांनी आपल्या शाखेत येऊन, बाकावर बसून काम समजून घेतलं त्यांना सोडून क्लायंट सहसा जात नाही. आणि जाणाराच असेल तर तिसऱ्या आठवड्यात गेलेला परवडतो, सहाव्या महिन्यात नाही.

सरकारी टेंडरमध्ये ही दोन कोटेशनांची युक्ती चालत नाही, कारण तिथे सगळं आरएफपीतच, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या कागदपत्रातच, बांधलेलं असतं. पण एसआरएसचा, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते लिहून काढण्याचा, टप्पा तिथेही असतो, तुमचं काम त्यात बसवा. त्याला यूएक्स म्हणतात की रिक्वायरमेंट स्टडी, यावर हट्ट धरू नका. शुद्धतावादी डिझायनरांना हे आवडत नाही. त्यांना कोटेशनं भरावी लागत नाहीत.

सही कशावर घ्यायची हेही तिथेच ठरवून टाका. साठ पानी बीआरडीवर (क्लायंटच्या गरजांच्या दस्तऐवजावर) सगळे सह्या करतात, वाचत कोणी नाही. चेअरमनसाहेबांच्या हातात प्रोटोटाइप दिला, त्यांनी दोन मिनिटं इकडेतिकडे दाबलं, की विचारतात: ‘नातवाच्या नावावर मी पालक म्हणून ठेव ठेवलीय, ती यात का दिसत नाही?’ दुसऱ्या आठवड्यात आलेला हा प्रश्न म्हणजे कागदावर वाढलेली एक ओळ. यूएटीत आला तर डेटाबेसपासून उचकटावं लागतं. आणि जाता जाता डेव्हलपरांचीही सोय करा: एस्टिमेट स्क्रीनवर नको, स्क्रीनच्या अवस्थांवर घ्या. ‘माझ्या ठेवी’ ही एक स्क्रीन म्हणून मोजतात. पण ठेवच नसेल तर काय दिसेल, रेंज गेली तर काय, सर्व्हर बंद असेल तर काय, सेशन संपलं तर काय, असं करत त्या चार-पाच होतात. डेव्हलपर ते शेवटी रात्री जागून करतोच, फक्त त्याचे तास कोणी मोजलेले नसतात. हे तुम्ही मांडलंत की डेव्हलपमेंट टीम तुमची.

हे झालं पुढच्या प्रोजेक्टचं. हातातल्या ॲपसाठी मात्र सरळ एसटी पकडा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्याला संचालक मंडळाचा ठराव लागत नाही. शाखाधिकाऱ्यांना आधी फोन करून आठवडी बाजाराच्या दिवशी जा, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात. बसा काउंटरसमोरच्या बाकावर, चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये नको. तिथे सभासद बोलावले तर ते फक्त चांगलंच बोलतील. ‘ॲप कसं वाटलं’ हा प्रश्न तर विचारूच नका. पाहुण्याच्या तोंडावर वाईट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, ‘छान आहे’ एवढंच ऐकून परत याल. हातात फोन द्या आणि काम सांगा: “मागच्या महिन्यात तुमची पिग्मी किती जमा झाली, मला दाखवा बरं.” आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड असतं, कारण आपण बनवलेलं बटण समोर असून माणसाला दिसत नाही हे बघवत नाही.

बघायचं काय? अंगठा कुठे थबकतो. चष्मा कधी वर जातो. ‘थांबा, नातवाला विचारतो’ हे कोणत्या स्क्रीनवर येतं. ओटीपीची तर हमखास गंमत असते: मेसेज वर झळकतो, वाचायच्या आत जातो, काका मेसेजमध्ये जाऊन आकडे पाठ करून परत येतात, तोवर ॲप पुन्हा पहिल्या स्क्रीनवर गेलेलं असतं. ऑफिसात नव्या कोऱ्या फोनवर हे कधीच दिसत नाही. आणि संध्याकाळी पिग्मी एजंट शाखेत येतात त्यांची वाट बघा. सभासदाचा विश्वास एजंटच्या पावतीवर असतो. सकाळी घेतलेले शंभर रुपये खात्यावर दुसऱ्या दिवशी चढत असतील तर मधल्या वेळात ॲप काय दाखवणार? काहीच नाही दाखवलं तर सभासद एजंटला फोन करणार, ‘पैसे कुठे गेले?’ म्हणून. तसे दहा फोन आले की एजंटच सांगत फिरेल, ‘ते ॲप नका घेऊ.’ हा प्रश्न तुमच्या स्क्रीनच्या यादीत कुठेच नसणार, आणि ॲप चालेल की पडेल ते यावर ठरू शकतं.

किती माणसं पुरतात? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांवर चाचणी घेतली तर वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. त्या टक्क्यांवर नंतर बराच वाद झाला आहे, तेव्हा सरांना आकडा छातीठोकपणे सांगू नका. पण थोड्या माणसांवर, पुन्हा पुन्हा, हा त्यातला गाभा कामाचा आहे. एकाच प्रकारचे पाच, एवढं लक्षात ठेवा. तुमच्याकडे सभासद आणि एजंट हे दोन वेगळे प्रकार आहेत. परवानगी घेऊन एखाद्याचा हात आणि स्क्रीन एवढंच मोबाइलवर टिपून आणा, चेहरा नको. दोन मिनिटांची ती क्लिप तुमच्या चाळीस स्लाइडपेक्षा जास्त बोलेल.

आता चेअरमनसाहेबांचा फोटो. तुमच्या पत्रात त्याबद्दल जरा चेष्टेचा सूर आहे, तो सोडा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. बुडालेल्या पतसंस्थांचे ठेवीदार महाराष्ट्रात कितीतरी गावांत सापडतील. अशा वेळी माणूस पैसे ठेवतो ते संस्थेचं नाव बघून थोडे, आणि ‘आपले अमुक तिथे आहेत’ म्हणून जास्त. त्यामुळे संचालकांचे चेहरे ही सभासदाच्या दृष्टीने निरुपयोगी गोष्ट नाही. प्रश्न फक्त जागेचा आहे. रोज शिल्लक बघायला येणाऱ्याच्या वाटेत सरकतं बॅनर नको. पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला, लॉगिनच्या आधी, हे चेहरे आणि शाखेचा फोन नंबर दिसला तर उलट बरं. चेअरमनसाहेबांना ‘फोटो काढून टाकू’ म्हणालात तर भांडण होईल. ‘नवीन सभासदाला सगळ्यात आधी तुम्ही दिसाल’ म्हणालात तर होणार नाही, आणि हे खोटंही नाही. तरी शाखेत गेल्यावर विचारून घ्या. माझा अंदाज आहे, सभासदांचं म्हणणं वेगळं निघू शकतं.

क्लायंटची प्रत्येक मागणी अशी सामावून घेता येत नाही, हेही खरं. दुसरा एखादा क्लायंट म्हणेल, विम्याच्या चौकोनात आधीच टिक करून ठेवा. तिथे चव आणि सौंदर्य यावर वाद घालू नका. ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिल्या आहेत, ती यादी मेलला जोडा आणि अकाउंट मॅनेजरला सीसीत ठेवा. केवायसीचंही तसंच. ‘डोळ्यांची उघडझाप करून दाखवा’ या अटीमुळे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका याचिकाकर्तीचं बँक खातं उघडणं अडलं होतं; ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. क्लायंटच्या वकिलाला हे एक वाक्य पुरतं.

हँडऑफबद्दल, म्हणजे डिझाइन डेव्हलपरकडे सोपवण्याबद्दल, थोडंच सांगते, कारण हे तुम्हाला येत असणार. मराठी स्क्रीन फिग्मात खोट्या मजकुरावर तपासू नका. ‘कर्ज’वरचा रफार, ‘मुदतपूर्ती’तला ऊकार इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत कापले जातात, आणि स्वस्त फोनवर हमखास. रक्कम १,२५,००० अशीच पडली पाहिजे, १२५,००० नव्हे. हे डेव्हलपरला लिहून द्या, नाहीतर तो वापरतो त्या तयार कोडच्या लायब्ररीची मर्जी चालते. संस्थेचा रंग केशरी असेल आणि बटणावर पांढरी अक्षरं असतील तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर, मोजा. नेहमीच्या केशरीवर तो दोनच्या आसपास निघतो, आणि साध्या मजकुराला किमान साडेचार लागतो. उन्हात दारात उभ्या असलेल्या माणसाला ते बटण दिसणार नाही, एवढं सांगितलं तरी क्लायंट रंग गडद करायला तयार होतो.

राहता राहिली नोकरी. एखादं दोन टप्प्यांचं कोटेशन पाठवून बघा, आणि तिकिटांचं ते पान दाखवून बघा. त्यानंतरही सर ‘जरा छान करून दे’वरच असतील, आणि तुमची एजन्सी मुख्यतः तासांवर माणसं पुरवणारी असेल, तर जा, तिथे तुमचं म्हणणं ऐकून कोणाचाच फायदा होणार नाही. पण प्रॉडक्ट कंपनीत सगळं सुरळीत असतं या समजुतीने जाऊ नका. तिथे कदाचित सहा महिने एकाच चेकआउटच्या स्क्रीनवर घालवाल, आणि तिथल्या प्रॉडक्ट मॅनेजरलाही ग्राहकाला काय हवं ते आधीच माहीत असतं. एजन्सीत या वर्षी पतसंस्था, पुढच्या वर्षी हॉस्पिटल, त्यानंतर द्राक्षांचा निर्यातदार, हे जे फिरणं होतं ते पहिल्या पाच वर्षांत मला तरी सोन्यासारखं वाटतं.

पदनामाचं सध्या राहू द्या. त्यापेक्षा रेट कार्ड, म्हणजे क्लायंटला लावायच्या दरांचा तक्ता, मागून बघा. ‘डिझाइन’ असा एकच दर असेल तर तुमचं संशोधन, फ्लो, चाचणी हे सगळं ग्राफिक डिझायनरच्या दरात विकलं जातंय. त्याचे दोन दर करून घ्या, आणि टाइमशीटमध्येही या कामांना वेगळे कोड मागा. मार्चमध्ये अप्रेझलला बसाल तेव्हा तेच आकडे लागतील.